खोडलेला उत्तुंग

आमच्या दादाने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. लेखक नव्हे हं. चित्रकथेत माणसांच्या तोंडापाशी पांढरे फुगे असतात ना, त्यांतली अक्षरं काढायचा. लेखक संवाद टाइप करून द्यायचा, चित्रकार चित्रं काढायचा, आणि पान सगळ्यात शेवटी दादाच्या टेबलावर यायचं. तोवर छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा. दादाचं नाव कधी कुठे छापून आलं नाही, आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती. असं तो म्हणायचा. मी सख्खी बहीण आहे, मला विचारा.

मी कपडे बेतते, उसवते, बसते करून देते. वहिनी गेल्यावर या दोन खोल्यांत राहायला आले आणि माझं मशीन खिडकीशी लावलं. दादाचं उतरतं टेबल भिंतीकडे सरकवलं, तेव्हा आठ दिवस तोंड फुगवून बसला होता. आता चौऱ्याहत्तरीला टेकलाय. मनगट दुखतं, शेक देते, पुन्हा दुखतं. दोघांनाही कंटाळा आलाय, त्या मनगटाचा आणि एकमेकांचा.

अशात एका सकाळी प्रकाशन संस्थेचं जाडजूड पाकीट आलं. उत्तुंगला पन्नास वर्षं होणार होती.

उत्तुंग म्हणजे दादाच्या हाताखालून गेलेल्या चित्रकथांतला सगळ्यात मोठा वीर. करडा झगा, छातीवर पिवळी शिडी. दिवसा लिफ्ट दुरुस्त करणार, आणि कुणी उंचावर अडकलं की उडत जाऊन सोडवणार. ताकद अचाट, पण बोलणं मोजून एक शब्द. पूल कोसळतोय, माणसं लोंबकळतायत, हा येणार आणि म्हणणार, "आलो." बस्स! पोरं शाळेत तेच म्हणायची. मोठमोठ्या लोकांनी लेख लिहिले, लेखकाचा केवढा हा संयम, एका शब्दात केवढं धैर्य!

पाकिटात उत्तुंगच्या तीन नव्या अवतारांची कच्ची पुस्तकं होती. तिघांनी आपापल्या परीने तो नव्याने रचला होता. त्यांतला एकच पुढे चालणार, दोन बंद. सोबत संपादकाचं पत्र : 'मूळ मंडळींपैकी आपणच उरला आहात. खरा उत्तुंग कोणता, त्यावर खूण करून दोन ओळी लिहाव्यात.'

"बाई गं, तुला मत विचारलंय! आता तुझे पाय जमिनीला लागायचे नाहीत," मी म्हटलं.

"तू आधी वाच," म्हणाला. "मला चष्मा सापडत नाहीये." चष्मा कपाळावर होता.

वाचलं मी. पहिल्या पुस्तकातला उत्तुंग दाढी वाढवून, पडक्या इमारतीच्या टोकावर बसलेला. का बोलत नाही, तर लहानपणी बापाने दम देऊन गप्प बसवलं म्हणून. सहा पानं सलग एक शब्द नाही, नुसता अंधार आणि जबडा. चित्रं देखणी, पण मला तर याला कुणीतरी दोन घास खायला घाला असं वाटलं. दुसऱ्यात उत्तुंग म्हणजे एक मुलगी, लिफ्टची इंजिनिअर. ती लाजाळू, म्हणून एकेका शब्दात बोलते आणि त्यावरून विनोद होतात. मला ती आवडली, खोटं कशाला बोलू? तिसऱ्यातला उत्तुंग जुनाच, तोच झगा, तीच शिडी. पण बोलतो! अहो, काय बोलतो! बाई खिडकीला लटकलीय, आणि हा चढता चढता तिला विचारतोय, घरी कोण कोण असतं, आज स्वयंपाक काय केला होता, हात दुखतोय का, कुठला जास्त दुखतोय. मी म्हटलं, मेल्या, आधी धर की तिला.

दादाने तिसरं पुस्तक चार पानं वाचलं आणि खाली ठेवलं. तोंड उतरलं होतं.

"ही वाक्यं मी वाचलीत," म्हणाला.

मला लगेच कळलं. या घरात मलाच ठाऊक होतं ते. तो एका शब्दाचा संयम लेखकाचा नव्हताच. चित्रकार आभाळभर इमारती काढून ठेवायचा, फुग्याला जागा उरायची तळहाताएवढी. अक्षर बारीक करायला दादा तयार नसायचा, पोरं मिणमिणत्या दिव्यात वाचतात म्हणून. चेहऱ्यावर फुगा चढवायचा नाही, हाही नियम. मग उरतं काय? पेन्सिल घ्यायची आणि लेखकाच्या कागदावर वाक्यं खोडायची. आठ ओळींचं भाषण यायचं, दादा त्यातलं 'आलो' ठेवायचा. पहिल्या अंकानंतर लेखक घरी येऊन तणतणला होता. पण तोवर अंक हातोहात संपला होता आणि लोक त्या एका शब्दावर फिदा होते. लेखक गप्प बसला, आणि आमच्याकडे यायचा बंद झाला तो कायमचा. सहा वर्षांपूर्वी गेला.

तिसरं पुस्तक त्याच्या मुलीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच दारात उभी. लहानपणी आम्ही तिला चिमणी म्हणायचो. आता केस पांढरे झालेत, शाळेत चित्रकला शिकवते. पाणी प्यायली आणि पिशवीतून पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा काढला.

"काका, हे बाबांच्या ट्रंकेत सापडले. उत्तुंगचे मूळ संवाद. यावरूनच मी पुस्तक केलं. पण संपादक म्हणतात, तुमचे वडील एका शब्दाचे बादशहा, तुम्ही त्यांच्या वीराला वाचाळ केलंत." तिने एक कागद दादासमोर सरकवला. ओळींवरून पेन्सिलीच्या रेघा. "हे बाबांनीच खोडलंय ना? त्यांना स्वतःलाच नको असेल, तर मी कोण ते परत आणणारी? पुस्तक मागे घेते. पत्र लिहून आणलंय, आत्ताच द्यायला निघालेय. म्हटलं एकदा तुम्हाला विचारावं, तुम्ही होतात तेव्हा."

दादा कागदाकडे बघत राहिला. मी मशीनवरून त्याच्याकडे बघत राहिले. बोल ना रे!

"इतकं का बोलायचा तो?" दादाने भलतंच विचारलं.

"बाबा सात वर्षांचे असताना त्यांचं घर कोसळलं. खाली अडकले. वरून एक बंबवाला ढिगारा उपसत होता, नऊ तास. आणि नऊ तास तो माणूस त्यांच्याशी बोलत होता, कसलंही. घरी कोण असतं, हात दुखतो का. बाबा म्हणायचे, त्या आवाजाला धरून मी जिवंत राहिलो. तो बंबवाला म्हणजे उत्तुंग."

हे मलाही माहीत नव्हतं. दादालाही नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"आठवावं लागेल," दादा म्हणाला. "फार वर्षं झाली गं."

चिमणीने मान हलवली, कागद गोळा केले, येते म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मग मात्र माझा तोल सुटला. "आठवावं लागेल? तुला बटण तुटलेलं सदतीस वर्षांनी आठवतं!"

"तिच्या बापाचं नाव त्या एका शब्दावर उभं आहे," दादा म्हणाला. "ते मी पाडू?"

"बापाच्या नावाची काळजी? माझ्याशी तरी खरं बोल!"

तेव्हा म्हणाला, "तो शब्द माझा आहे. आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. लोक त्याचं कौतुक करायचे ना, तेव्हा मी मनातल्या मनात खूश व्हायचो. आणि आता कळतंय, मी काय खोडत होतो ते."

मला राग आला होता आणि दयाही येत होती. चपला त्याच्या पायाशी नेऊन टाकल्या. "बस अजून आली नसेल," म्हटलं.

जिन्यावर दोनदा थांबला, धाप लागली. मी दंड धरला. चिमणी थांब्यावर उभी होती, हातात ते पत्र. दादाने भर रस्त्यात सांगितलं, "पेन्सिल माझी आहे. तुझ्या बापाने एक अक्षर खोडलं नाही. जागा नव्हती, म्हणून मी खोडायचो. दर अंकाला."

"बाबांना माहीत होतं?"

"पहिल्या अंकापासून."

बस आली. तिने पत्र पिशवीत घातलं आणि प्रकाशन संस्थेकडे जाणाऱ्या त्या बसमध्ये न चढता रस्ता ओलांडून घरच्या बाजूला गेली.

दादाने तिसऱ्या पुस्तकावर खूण केली आणि खाली दोन ओळींच्या जागी पाऊण पान लिहिलं, त्या पेन्सिलीची सगळी हकीकत. मनगट धरून धरून लिहिलं. आठवड्याने संपादकाचा फोन आला. पोरगा गोड बोलत होता. काका, फार रंजक आठवण आहे, पण वाचकांना गप्प उत्तुंगच हवाय, खरं काय घडलं त्याने आता फरक पडत नाही. पहिला निवडलाय आम्ही, दाढीवाला. तुमचं पान नाही छापणार, लोकांचा गोंधळ होईल.

संध्याकाळी चिमणीचा फोन. मी कणीक मळत होते, म्हणून दादाने तो ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"काका, माझं पुस्तक परत आलं."

"माझ्यामुळे," दादा म्हणाला. "मी तेव्हाच बोललो असतो, तर..."

"पुस्तकाचं जाऊ द्या. निदान मी ते मागे घेतलं नाही." मग म्हणाली, "बाबा शेवटचा महिनाभर बोलतच नव्हते. भेटायला येणारे म्हणायचे, उत्तुंगचे जनक ते, कमीच बोलणार. आम्हीही तेच धरून बसलो. काही सांगायचंय का, असं कुणी विचारलंच नाही त्यांना. मीसुद्धा नाही."

दादाने ओट्याची कड धरली. डोळे भरून आले होते, आणि पुसायचं त्याला भान नव्हतं.

"चुकलो गं मी," तो म्हणाला.

"हो काका," ती म्हणाली. "चुकलात." आणि तिने फोन ठेवला.