दहांतले नऊ

कवडू रोज सकाळी आठ वाजता बायबल वाचायचा. वाचून झालं की पुस्तक मिटायचा, बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "असं लिहून हाय. मी नाई म्हणत." समोर मोहाच्या झाडाखाली बसलेले साठ-सत्तर रोगी लगेच एका सुरात म्हणायचे, "मी नाई म्हणत!" प्रार्थनेचा शेवट असाच करायचा असतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पहिल्या दिवशी हे ऐकून मी रजिस्टरात तोंड खुपसून हसलो. आश्रमाचे पाद्री, पाळकबाबा, हसले नाहीत. "चार वर्षं झाली, आमेन म्हणा म्हणून सांगतोय," ते म्हणाले. "आमेनही म्हणतात. मग हे शेपूट लावतात."

गडचिरोलीच्या रस्त्याला, वैनगंगेच्या अलीकडे, जंगलात मिशनचा महारोग्यांचा आश्रम होता. मी तिथे कारकून म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. घर ख्रिस्ती, नगरकडचं. पण नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढल्यामुळे देव नाही हे मला ठाम कळलं होतं. ते बोलून दाखवायची छाती मात्र नव्हती, कारण नोकरी मिशनची. म्हणून कवडू मला फार आवडायचा. माझ्या मनातलं तो बिनदिक्कत बोलायचा, आणि मी मागे बसून मजा बघायचो.

तो स्वतः रोगी म्हणूनच तिथे आला होता. जातीनं ढिवर, तलावावर मासे मारणारा. चौथी पास, म्हणजे आमच्याकडे पंडितच. पाळकबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तेव्हा वाचायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून देव न मानणाऱ्याच्या हाती बायबल आलं. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे कामही तोच करायचा. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, पण दाई बाळाला गुंडाळते तशी पट्टी बांधायचा. देवाबद्दल विचारलं की म्हणायचा, "अकरा कोंबड्या अन् दोन बकरे खाल्ले जी माह्या देवानं, बोटं नाई ठेवली. अन् गोळीनं बरा झालो, तं गोळीले कोणी एक कोंबडंही नाई कापलं."

"ती गोळी कोणी पाठवली रे?" पाळकबाबा विचारायचे.

"चांद्याच्या डाक्टरनं."

"आणि डॉक्टरला?"

"त्याले सरकारी जीपनं आणलं, बाबा."

त्यांचं भांडण रोजचं होतं आणि दोघांनाही त्यावाचून जेवण जात नसे. रात्रभर शिष्यांचं जाळं रिकामं आणि सकाळी काठावरून येशूनं सांगितलं तसं उजवीकडे टाकल्यावर मासेच मासे, ही गोष्ट आली की कवडूच्या अंगात यायचं. "चमत्कार काऊन म्हणता? सकाळी ऊन ज्या अंगाले पडते तिथून मासा सरकते. काठावरच्या माणसाले ते दिसते, डोंग्यातल्याले दिसत नाई." पाळकबाबा चिडायचे. मग हाच कवडू हळूच म्हणायचा, "पन हे लिहिणारा लबाड नाई बाबा. मासे मोजले म्हणते. ढिवर मोजतेच. वाटे घालाचे असते." पाळकबाबांना हसावं की रडावं कळायचं नाही. अविश्वासी माणूस त्यांच्या ग्रंथाची साक्ष देत होता, तीही मासळीच्या टोपलीवरून.

खरं भांडण मात्र एकाच गोष्टीवर होतं. दहा कुष्ठरोगी येशूला भेटतात. जा, याजकांना अंग दाखवा, असं तो सांगतो. वाटेतच ते बरे होतात. एक जण आभार मानायला परत येतो, आणि येशू विचारतो की बाकीचे नऊ कुठे आहेत. पाळकबाबांनी आयुष्यभर या गोष्टीवर उपदेश केला होता: नऊ जण कृतघ्न निघाले. कवडूला हे अजिबात पटायचं नाही. "त्यानंच जा म्हटलं, तं ते गेले. घरी लेकरं नसतीन का त्यायले? अन् नऊ जण कुठी हायेत, हे तो रागानं नाई विचारून राह्यला. त्याले घोर लागला असन. गावानं घेतलं का नाई घेतलं म्हणून."

पाळकबाबा म्हणाले, "तू देव मानत नाहीस आणि माझ्यापेक्षा जास्त चांगला देव सांगतोस. हे काय आहे रे तुझं?"

भांडण दहा जणांचं नव्हतंच. ते कवडूचं स्वतःचं होतं. त्याच्या तपासण्या तीनदा निर्मळ आल्या होत्या. डॉक्टरनं सही-शिक्क्याचा दाखला दिला होता: रोग गेला, घरी जाण्यास हरकत नाही. तलावाकाठच्या गावात त्याची बायको गिरजा होती, आणि तीन वर्षांची सोडून आलेली मुलगी आता चौदा वर्षांची झाली होती. अकरा वर्षं तो जप केल्यासारखं एकच बोलायचा, "एक डाव जाळ्याचा दोर धरीन, मंग मेलो तरी चालन."

पाळकबाबा म्हणाले, "कवडू, दोन महिने थांब. आधी मी जातो. तुझ्या घरी राहतो, त्यांच्या ताटात जेवतो, भावाशी बोलतो. मग तू ये."

मला हे ढोंग वाटलं. देवा रे, काय अक्कल होती माझी! मी कवडूला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना तुला इथेच ठेवायचंय. आभार मानणारा दहावा म्हणून मिरवायचंय. दाखला आहे ना हातात? विज्ञानाचा कागद आहे. मी येतो सोबत, वाचून दाखवतो." कवडूला थांबायचं नव्हतंच. त्यानं माझं ऐकलं. एवढ्या शहाण्या माणसानं माझ्यासारख्या दीडशहाण्याचं ऐकलं, ही माझ्या जन्माची बोच आहे.

आम्ही पोचलो तेव्हा तलावात मोठं जाळं पडलेलं होतं. त्या गावची रीत अशी की मोठ्या जाळ्याची मासळी सगळ्या ढिवर घरांची. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं मांडून त्यावर वाटे घालतात. म्हाताऱ्याचा, विधवेचा, परगावी गेलेल्याचा, सगळ्यांचा वाटा पडतो. अकरा वर्षं कवडूच्या नावाचाही पडत होता आणि गिरजा तो उचलत होती. मी पाळीवर उभं राहून दाखला मोठ्यानं वाचला. सगळ्यांनी ऐकून घेतला. थोरला भाऊ म्हणाला, "लय चांगलं झालं कवडू." मी छाती फुगवून उभा राहिलो.

कवडूनं सदरा काढला, पाण्यात उतरला आणि दोर धरला. बोटांची पकड बसत नव्हती म्हणून मनगटाला वेढा दिला. तोंडावर असा आनंद की बघवेना. मग त्याच्या पुढच्या माणसानं दोर सोडला. मागच्यानं सोडला. एकेक जण पाण्यातून बाहेर येऊन पाळीवर उभा राहिला. कवडूला वाटलं जाळं जड झालं, तो हसत ओरडला, "ओढा ना बे!" मी पायजमा सावरत उतरलो. जाळं काठाशी आलेलंच होतं, आम्ही दोघांनी ते बाहेर काढलं. भरपूर मासळी होती. पानं मांडलेलीच होती.

कोणी पुढे आलं नाही. थोरला भाऊ शांतपणे म्हणाला, "पूरी मासळी तुहीच हाय आता. तू घेऊन जा. आमी उद्या टाकू जाळं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

"दादा, मी दोर धरला. मासे नाई धरले," कवडू म्हणाला.

गिरजा टोपली घेऊन दूर उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "पोरीचं जमून राह्यलं जी. तुमी आले हे समजलं तं मोडन." तिच्यामागून एक पोरगी वाकून बघत होती. हा कोण माणूस, एवढंच तिच्या तोंडावर होतं. कवडूनं तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग सदरा घातला आणि सगळ्यांना म्हणाला, "मी आलोच नाई म्हणून समजा." आम्ही निघालो. मासे पाळीवर उड्या मारत होते आणि घारी उतरायला लागल्या होत्या.

मोटार दुसऱ्या दिवशीची होती, म्हणून चालतच आलो. वाटेत मी माफी मागितली. तो म्हणाला, "नऊ जण कुठी गेले, आता समजलं मले. कुठीच नाई गेले. गावाच्या बाहेर बसले असतीन."

आश्रमात पाळकबाबांनी त्याला पोटाशी धरलं. उपदेश केला नाही, दहाव्याचं नावही काढलं नाही. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी वाचायला लावली नाही. कवडूनं मात्र भांडायचं सोडून दिलं. वाचायचा, मिटायचा, उठून जायचा. पाळकबाबा मुद्दाम खोडी काढायचे, "अरे, उजवीकडेच जाळं का टाकलं, सांग ना!" कवडू म्हणायचा, "बराबर असन जी, जे लिहून हाय ते." पाळकबाबा माझ्याजवळ येऊन लहान मुलासारखे रडले. "त्याला भांडायला लाव रे," म्हणाले. मला ते जमलं नाही. मीही तेव्हा देव नाही असं म्हणायचं सोडलं होतं. आहे असंही म्हणत नव्हतो.

दोन उन्हाळ्यांनी त्याच्या पोटात पाणी झालं. दुपारची वेळ होती, खाटेजवळ मी आणि पाळकबाबा दोघंच. पाळकबाबांनी इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट अखेर विचारली, "कवडू, बाप्तिस्मा देऊ?" हाताशी पितळी वाटीत पाणी तयार होतं.

"द्या जी," कवडू म्हणाला. "का फरक पडते?"

पाळकबाबांचा हात वाटीपाशी थांबला. मग त्यांनी कवडूची मान उचलून धरली आणि ते पाणी त्याला पाजलं. त्याला तहान लागलेली होती. तो सगळं प्याला.