स्क्रीन काळी झाली तरी बटण बंद करू नये

लाइन गेली की कोणी कुठे धावायचं, हे आमच्या घरात माझ्या लहानपणापासून ठरलेलं आहे. माय टीव्हीकडे, बहीण पंख्याकडे आणि बाबा दाराजवळच्या मोठ्या बोर्डाकडे. पुढे फ्रिज आला तेव्हा तोही मायच्या वाट्याला गेला. गेलेली लाइन परत येताना झटका मारते. तेलंगणातल्या तामसीकडच्या आमच्या गावांत त्या झटक्याने काही ना काही जळलं नाही असं घर शोधून सापडायचं नाही. म्हणून लाइन गेली की आधी सगळी बटणं बंद, मग कंदील, मग लाइनमनला शिव्या. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही, आणि तो चुकीचा असू शकतो असं माझ्या मनातही कधी आलं नाही.

माझा कॉम्प्युटर कॉलेजच्या दिवसांतला. नोकरी लागल्यावर मी तो हैदराबादहून घरी आणला. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात सालगडी म्हणून काम केलं आणि आम्हा दोघा भावंडांना मात्र शेताचा रस्ता दाखवला नाही, शाळेचाच दाखवला. त्यामुळे बहिणीने सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. हैदराबादला एका हॉस्टेलात राहून तिने काही महिने नोकरी करून पाहिली आणि आजारी पडून घरी परतली. तिथे पुन्हा जायची तिची इच्छा नव्हती.

अशात आदिलाबादच्या एका इंजिनियरने तिला घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं. घरांचे नकाशे काढायचे, आणि घर चारी बाजूंनी फिरवून दिसेल अशी चित्रं करायची. अट एकच. त्याने दिलेल्या घराचं चित्र नमुना म्हणून सोमवारपर्यंत करून पाठवायचं, नाही तर काम दुसऱ्याला.

बहिणीने घराच्या भिंती उभ्या केल्या तोवर ठीक होतं. छत टाकलं आणि कॉम्प्युटर बसला. घर जरा फिरवलं की सगळं थिजायचं. ती हाताची घडी घालून स्क्रीनकडे बघत राहायची आणि म्हणायची, "दादा, हे घर बांधाले जेवढा टाइम लागन ना, तेवढा मले फिरवाले लागून राह्यला."

माझ्या एका कॉलेजमित्राकडे त्याच जातीचा, पण नंतरच्या पिढीचा प्रोसेसर पडून होता. त्याने तो कुरिअरने पाठवून दिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही, पण फोनवर त्याने एवढंच सांगितलं, "बसव, चालू कर, झालं." मी बसवला, चालू केला. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र कोरी. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की मदरबोर्ड जुना आहे आणि हा नवा प्रोसेसर त्याच्या ओळखीचा नाही. ओळख करून द्यायची तर बोर्डाचं बायोस बदलावं लागतं. बायोस म्हणजे बोर्डातच लिहून ठेवलेली ती पहिली आज्ञा, जिच्यामुळे बटण दाबल्यावर कॉम्प्युटरला आपण कॉम्प्युटर आहोत हे कळतं. आणि ते बदलायचं तर जुनाच प्रोसेसर आधी परत बसवायला हवा. म्हणजे उघडलेलं सगळं पुन्हा उघडा.

आदिलाबादला ज्याच्याकडून मी माऊस, कीबोर्ड घेतो त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "भाई, बायोस को हात नक्को लगाव. बोर्ड मर गया तो फिर मेरे को नक्को बोलो."

"तुम कर के देते क्या?"

"मैं भी हात नै लगाता."

इंटरनेटवर पाहिलं तर तिथे दुसरंच टोक. एक जण हसत हसत सांगत होता की हे काम डाव्या हाताचं आहे. दुसरा म्हणत होता, मध्ये वीज गेली तर बोर्ड म्हणजे नुसता पत्रा. तिसऱ्याने वीस मिनिटांत पंधरा मिनिटं स्वतःबद्दल सांगितलं. शेवटी मी वैतागून सगळं बंद केलं आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर असलेलं त्या बोर्डाचं पुस्तक उघडलं. इंग्रजी होतं, पण सरळ होतं. आधी बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव वाचा, त्याच्यापुढचा आवृत्तीचा आकडाही वाचा, कारण एकाच नावाच्या दोन बोर्डांची बायोस वेगळी असतात. फाइल फक्त कंपनीच्याच साइटवरून घ्या. चाचणीसाठी ठेवलेली घेऊ नका. पेनड्राइव्ह पुसून, सांगितलेल्या पद्धतीने तयार करून त्यात टाका. जुन्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. आणि काम चालू असताना वीज जाऊ देऊ नका.

हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं तो आमच्या भागात कधी राहिला नसावा.

झेरॉक्स सेंटरवाल्या मित्राकडून मी यूपीएस मागून आणला. जुना प्रोसेसर परत बसवला. शनिवारी सकाळी, शेतातल्या मोटारी बंद असतात ती वेळ निवडली. मायला सांगितलं, मिक्सर लावू नको. बहिणीला स्क्रीनसमोर बसवलं आणि सांगितलं, "काही झालं तरी हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत काहीच करायचं नाही." राहिला दाराजवळचा बोर्ड, यूपीएसचा प्लग त्यातच होता. येणाराजाणारा तिथेच मोबाइल चार्जिंगला लावतो आणि त्यासाठी कोणाचाही प्लग उपटतो. तिथे कोण बसवायचं? अर्थात बाबा.

"बाबा, या बोर्डाले कोनाले हात लावू देऊ नोका."

"कोन लावते पाहातो मी," असं म्हणून बाबा खुर्ची घेऊन बसले. त्यांना असं काम आवडतं.

मी पेनड्राइव्ह लावला आणि बायोसमध्ये गेलो. त्याने फाइल वाचली, तपासली, बरोबर आहे म्हणून सांगितलं. मी होकार दिला. एक पट्टी हळूहळू भरायला लागली. इतक्यात दारात शेजारचे काका.

"जय भीम, बाबू. अबे, उत्पन्नाच्या दाखल्याचं मोबाइलवर पाहून दे ना जरा."

"काका, दहा मिनिटांनी या."

"दोन मिनटाचंच काम हाये."

"काका, आत काम चालू आहे."

"मंग तू काय करून राह्यला? तिथं त पोरगी बसली हाये."

मी दारात उभा राहून काकांना थोपवत होतो. त्यांचा आवाज आत जाऊ नये म्हणून दार थोडं ओढूनही घेतलं. आणि आतून बाबांचा आवाज आला, "लाइन गेली!"

लाइन गेली नव्हती. स्क्रीन काळी झाली होती. काम करता करता यंत्र मध्येच स्वतःला बंद करून पुन्हा चालू करतं, तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते, हे त्या पुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं. घरात कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. बाबांनी सवयीने बोर्डाचं बटण खाली केलं. यूपीएस टीं टीं करून ओरडायला लागला. बाबांना वाटलं, हा पेटतो आता. त्यांनी उठून त्याचंही बटण दाबलं.

मी आत आलो तेव्हा यूपीएसचं ओरडणं थांबलेलं होतं. बहीण हात मांडीवर ठेवून बसली होती, मी सांगितलं होतं तशी. माय स्वयंपाकघरातून विचारत होती, फ्रिज बंद करू का.

"बाबा, तुम्ही काय केलं?"

"लाइन गेली होती."

"पंखा फिरतो ना बाबा वर! पाहा ना!"

बाबांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. तो दुसऱ्या बोर्डावर आहे.

"मी त वाचवाले गेलो," ते म्हणाले.

पुन्हा चालू केलं. पंखे फिरले, स्क्रीन कोरी. बंद केलं, चालू केलं. कोरी. बहिणीने एकच शब्द काढला, तोही तेलुगूत, कारण वाईट बातमी तिला त्याच भाषेत सुचते. "अयिपोयिंदी." म्हणजे संपलं.

त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला. मित्राचा, दुकानदाराचा, दारात अजून उभ्या असलेल्या काकांचा, आणि पुस्तक लिहिणाऱ्याचा. बाबांवर मी ओरडलोही असतो, पण मीच त्यांना तिथे बसवलं होतं. ज्या माणसाचा हात अंधार झाला की बटणाकडे जातो, त्याच माणसाच्या हाती मी बटण दिलं होतं. वर तक्रार कोणाकडे करणार?

काका म्हणाले, "मंग आता मोकळा हायेस का?"

बहिणीनेच त्यांना उद्या यायला सांगून दार लावलं. मग माझ्या मोबाइलमधला मदरबोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो तिने मोठा करून पाहिला. नाव वाचण्यासाठी म्हणून मीच तो काढला होता.

"दादा, हे बारकं बटन कशाचं हाये?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. जे पान मी 'आपल्याला काय गरज' म्हणून ओलांडलं होतं, त्यावरच ते होतं. बायोस अर्ध्यात बिघडलं तर हे बटण. यासाठी स्क्रीन लागत नाही, प्रोसेसरही लागत नाही. फाइलला त्यांनी दिलेलंच नाव द्यायचं, पेनड्राइव्ह खूण केलेल्या खोबणीतच लावायचा, बटण दाबून धरायचं. बाजूचा दिवा लुकलुकायला लागला की सोडायचं. दिवा विझला की काम झालं. सगळ्याच बोर्डांना हे नसतं. आमच्या बोर्डाला होतं, हे नशीब. पण हे पान सुरुवातीला न छापता शेवटी का छापतात, हे मला आजही कळलेलं नाही.

फाइल माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर नाव बदलून तयार केली. बहिणीने बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला.

या वेळी मी सगळ्यांना सगळं सांगितलं. स्क्रीन काळीच राहणार आहे. दिवा मिचमिचणार आहे. मग तो विझेल. विझला म्हणजे लाइन गेली असं नाही.

"मी बाहेर बसतो," बाबा म्हणाले.

"नाही," बहीण म्हणाली. "तुमी इथंच बसा. फक्त हात लावू नोका."

बाबा बसले. खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, शाळेतल्या पोरासारखे. दिवा लुकलुकत राहिला. माय दारात येऊन उभी राहिली. मग दिवा विझला. बाबांचे खांदे हलले, उठायला लागल्यासारखे, आणि थांबले. हात मांडीखालीच होते.

"विझला," ते म्हणाले. "मी काई नाई केलं."

बहिणीने कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीन कितीतरी वेळ काळी राहिली, इतका की मी मनातल्या मनात दुकानदाराचा तो हिंदी डायलॉग पुन्हा ऐकला. मग कंपनीची खूण आली, आणि सेटिंग नव्याने करा असा निरोप. तारीख भलतीच जुनी दाखवत होती. मला ती तारीखसुद्धा सुंदर वाटली. फोटो बघून सेटिंग लावल्या, यंत्र नीट बंद केलं, प्लग काढला आणि मग नवा प्रोसेसर बसवला. या वेळी बोर्डाने त्याला ओळखलं. बहिणीने ते घर उघडलं आणि फिरवलं. ते फिरलं.

"घ्या," ती म्हणाली. "छतासकट."

चित्र पुरं व्हायला रविवारची दुपार झाली. इंजिनियरला पाठवायची फाइल मोठी होती, मोबाइलच्या नेटवर ती मुंगीच्या चालीने जात होती. अर्धी गेली असेल तोच घरात पंखा थांबला. खरीच लाइन गेली. यूपीएस ओरडायला लागला. माय फ्रिजकडे धावली. बाबा बोर्डाशी पोचले, घरातली बाकी बटणं त्यांनी खाली केली, आणि यूपीएसच्या बटणावर बोट ठेवून उभे राहिले. दाबलं नाही.

"करू का?"

"थांबा बाबा."

यूपीएसची बॅटरी जुनी. ओरडणं जवळजवळ यायला लागलं.

"लाइन आली त झटका मारन, पोरी."

"थांबा ना बाबा!"

"झालं का?"

मी दोघांच्या मध्ये उभा होतो आणि माझं काहीच काम नव्हतं. बहिणीची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

"गेली," ती म्हणाली. "फाइल गेली. एक मिनिट, हे बंद होऊ द्या." स्क्रीन काळी झाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "आता करा."

बाबांनी ते दाबलं आणि बोर्डावरचं राहिलेलं बटणही खाली केलं. संध्याकाळी लाइन आली, नेहमीसारखा झटका देऊन. आमच्याकडे चालू असं काहीच नव्हतं. इंजिनियरचा निरोप मोबाइलवर येऊन पडला होता. चित्र चांगलं आहे, पायऱ्या जरा रुंद करा, उद्यापासून काम सुरू.

"पायऱ्या?" बहीण वैतागून म्हणाली. "पाच वेळा मोजल्या मी त्या!" आणि कॉम्प्युटर चालू करायला गेली.

"थांब," बाबा म्हणाले. "लाइन आताच आली. जरा टिकू दे."