पेरूपाशी दम टाकणारं इंजिन

दादा होता तेव्हा माणसं इंजिन बघायला यायची. तो गेल्यापासून किस्से घेऊन येतात. चहा संपतो, किस्से संपत नाहीत. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, तरी लिहितोय. नाहीतर विसरून जाईन.

दादा सातपूरला कंपनीत लेथवर होता. घरी त्यानं हातभर लांबीचं वाफेचं इंजिन बनवलं होतं. कोळसा, पाणी, शिट्टी, सगळं खरं. मागच्या अंगणात गोल रूळ टाकले. पेरूच्या झाडापाशी जरासा चढ होता. तिथे आलं की इंजिन दम टाकायचं. एक पूर्ण फेरी व्हावी, एवढंच दादाला हवं होतं.

बॉयलरला वेल्डिंग करून देणारे रफिकभाई म्हणाले, "अरे, कुदळ मार, जमीन सपाट कर."

दादा म्हणाला, "मग सुधारलं काय? इंजिन की अंगण?"

*

आग जोर धरेना. वाफ धुराड्यातून जोरात सुटली की आग फुलते, म्हणून दादानं वाफेचं भोक बारीक केलं. आग अशी भडकली की ठिणग्या थेट वाळवणावर!

आई शांतपणे म्हणाली, "पापडात मिरी कमीच पडली होती. झालं काम."

*

एकदा रफिकभाईंनी प्रेमानं सगळ्या रुळांना तेल चोळलं. चाकं जागच्या जागी गरगर फिरली, इंजिन तसूभर हललं नाही.

दादा म्हणाला, "भाई, इंजिन पळवायचंय, तळायचं नाही."

मग पकड यावी म्हणून त्यानं इंजिनावर आईचा वरवंटा बांधला. तेव्हा ते निम्मा चढ चढलं. आई मात्र चटणीसाठी वरवंटा शोधत अंगणात आली. उचलला आणि टाकला. "आता चटणी वाटू की भाजू?"

*

बोअरच्या पाण्यानं बॉयलरमध्ये क्षार धरायचे. दादा इंजिनासाठी फिल्टरचं पाणी आणायला लागला.

"आम्ही बोअरचं प्यायचं," आई म्हणायची, "साहेबांना फिल्टरचं."

*

रात्रपाळी असली की दादा दुपारी आतल्या खोलीत झोपायचा. मला ऑर्डर असायची, "वाफ धरली की उठव. मी नसताना चढलं तर तुझी खैर नाही."

शेवटच्या दिवशी त्यानं पिस्टनमधून वाफ गळू नये म्हणून नवी दोरी भरली. "उद्या बघू," म्हणाला आणि रात्रपाळीला गेला. वाटेत गाडीला ट्रकनं उडवलं.

*

परवा दुपारी मला राहवेना. कोळसा पेटवला, फिल्टरचं पाणी भरलं, वरवंटा बांधला. आई पायरीवर तांदूळ निवडत होती. बघतही नव्हती.

वाफ धरली. इंजिन निघालं. पेरूपाशी हळू झालं, अगदी थांबायच्या बेतात आलं. मी ढकलायला हात पुढे केला, तेवढ्यात फक्, फक्, फक्, वर! चढ पार, हौद पार, आईच्या पायांसमोरून पूर्ण फेरी!

ताट बाजूला सारून आई उभी राहिली. "अरे, बघतोस काय? दादाला उठव!"

आणि मी धावत आतल्या खोलीत गेलो.