धामणीची वीस धनुष्यं

आमच्या भागात पाऊस नाही आला की बाकी सगळं उगवतं. त्या वर्षी टँकर उगवले, जनावरांच्या छावण्या उगवल्या, आणि नांदूरघाटच्या पुढे डोंगराला टेकलेल्या आमच्या गावात धनुष्य उत्पादकांची सहकारी संस्था उगवली. धनुष्य करणारा माणूस गावात एकच होता, माझे वडील, आबा. पण एका माणसाचा सहकार होत नाही, म्हणून आणखी बऱ्याच जणांनी आपण पिढ्यान्‌पिढ्या धनुष्यं करतो असं लिहून दिलं. मी नुकताच बी.ए. झालो होतो, घराण्यात पहिलाच. त्यामुळे ते सगळं सुवाच्य अक्षरात मीच लिहिलं.

आबांना हे काम आजोबांनी शिकवलं होतं. आजोबा रानडुकरं हाकलायला धनुष्यं करत. डोंगरातलं धामणीचं झाड पानगळीनंतर तोडायचं, लाकूड तडकू नये म्हणून टोकांना शेण लिंपायचं आणि वर्षभर सावलीत ठेवायचं. मग वाकसाने तासायचं, आणि शेवटी फुटक्या काचेने खरवडत दोन्ही टोकं सारखी लवतात का ते बघत बसायचं. दोरी अंबाडीची, मेण लावलेली. काम झालं की दोरी उतरवायची, हा नियम आबा देवाच्या नियमासारखा पाळत. उतरवलेलं धनुष्य सरळ होतं आणि काठीसारखं दिसतं. तिथेच सगळा घोळ झाला.

बीडला तिरंदाजी शिकवणाऱ्या एका सरांना मी कॉलेजात असताना आबांचं धनुष्य दाखवलं होतं. "अशी वीस निघाली तर शाळांसाठी दरवर्षी घेऊ," ते म्हणाले होते. आमच्या घरी त्या एका वाक्यावर सगळं अडलं होतं. दरसाल दसऱ्यानंतर आबा आणि आई ऊस तोडायला कारखान्यावर जात. मागच्या हंगामात आबा दोनदा उसाच्या मोळीखाली बसले होते आणि त्यांना दोघांनी उठवलं होतं. सरांनी धनुष्यं घेतली तर कोयता सुटणार होता. नाहीतर मुकादमाचा ट्रॅक्टर होताच.

संस्थेचे अध्यक्ष अर्थातच दूध संघाचेही अध्यक्ष होते, आणि मी ज्या वसतिगृहात राहून शिकलो त्याचेही. तिथे मला तीन वर्षं दोन वेळा जेवण मिळालं. ते उपकार मी आजही मानतो. तेव्हा गरजेपेक्षा जरा जास्त मानत होतो. त्यांनी मला सचिव केलं. अध्यक्षांच्या मनात आलेलं सभेत सर्वानुमते ठरलं असं लिहिणं हे सचिवाचं काम, आणि त्यात मला गती होती.

आमची बैलं छावणीत गेली होती, म्हणून रिकामा गोठा सारवून त्याचं कार्यालय केलं आणि सरांसाठी आबांनी केलेली वीस धनुष्यं तिथे टांगली. उद्घाटनाला मोठे सरकारी पाहुणे येणार होते. आदल्या संध्याकाळी अध्यक्ष बघायला आले.

"ह्या काठ्या कशाला टांगल्यात?"

"धनुष्यंच हायती साहेब," आबा म्हणाले. "दोरी उतरवलीय."

"मग चढवा. पाहुणे काय काठ्यांसोबत फोटो काढणार का?"

"उद्या सकाळी चढवतो की."

"उद्या गर्दी राहील. आत्ताच चढवा. सचिव, बघा जरा."

सचिवांनी बघितलं. वीस दोऱ्या चढल्या, वर झेंडूच्या माळाही चढल्या.

पाहुणे आले नाहीत. ते दुष्काळ बघत फिरत होते आणि आमच्या जिल्ह्यात बघण्यासारखा दुष्काळ पुष्कळ होता. उद्याचं परवा झालं, परवाचं सोमवार. रोज संध्याकाळी आबा गोठ्याशी येत आणि म्हणत, "उतरवू का?" मी अध्यक्षांकडे विचारायला गेलो. "पाहुणे गाडीतून उतरणार आणि तुमचे वडील तेव्हा दोऱ्या चढवत बसणार?" ते म्हणाले. मी परत आलो आणि गोठ्याला कुलूप लावलं.

"आमच्या गोठ्याला कुलूप कावून?" आबांनी विचारलं.

"संस्थेची मालमत्ता आहे, आबा."

"लई शिकलास. आता लाकडालाबी शिकव. त्याला वाकून बसायची सवय लागली तर पुन्हा न्हाई फेकत ते बाण."

तीन आठवड्यांनी पाहुणे आले. त्यांनी धनुष्य ओढलं, बाण सोडला. बाण निम्म्या वाटेवर जाऊन मातीत आडवा झाला. टाळ्या झाल्या. "आज वारा आहे," अध्यक्ष म्हणाले. शेजारच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर, कार्यक्रमाला बोलावलेल्या बीडच्या सरांनी एकेक धनुष्य ओढून पाहिलं. मग एकाची दोरी उतरवून ते जमिनीवर ठेवलं. ते वाकलेलंच राहिलं.

"किती दिवस चढवून ठेवली होती ही?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. वसतिगृहाच्या त्या सगळ्या पोळ्या मी मनात मोजल्या.

"आजच चढवलीत सर."

"मग लाकूडच कच्चं आहे," सर म्हणाले. "नाही चालणार."

आबा तिथेच उभे होते. वर्षभर सावलीत वाळवलेल्या लाकडाला कच्चं म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली आणि अहवालात कार्यक्रम यशस्वी झाल्याचं लिहायला सांगितलं. मी लिहिलंही.

संध्याकाळी आबांनी किल्ली मागितली. आता उपयोग नव्हता, तरी त्यांनी वीसही दोऱ्या उतरवल्या आणि जुडी करून माझ्या हातात दिली. "अंबाडी चांगली हाय. बैलं आली की दावी कर."

त्या रात्री मी सरांना पत्र लिहिलं: दोऱ्या तीन आठवडे चढलेल्या होत्या, कुलूप माझं होतं, लाकूड पक्कं होतं. सचिव या नात्याने लिहिलेला तो माझा पहिला खरा कागद. दसऱ्याआधी उत्तर आलं. शाळांची धनुष्यं दुसरीकडून घेतली होती. पुढच्या वर्षी आणा, बघतो, असं सरांनी लिहिलं होतं. मी ते आबांना वाचून दाखवलं. "पुढच्या वर्षी पायजे तर लाकूड ह्याच पानगळीनंतर तोडाया लागंल," ते म्हणाले, "आन् तवा मी इथं कुठं असणार." मग दसरा झाल्यावर, कोणती झाडं तोडायची ते मला सांगून, ते मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये आईशेजारी बसले.

पानगळीनंतर मी एकटाच डोंगरात गेलो आणि त्यांनी सांगितलेल्या धामणी तोडल्या. टोकांना लिंपायला घरी शेण नव्हतं, ते छावणीतून मागून आणलं. लाकडं गोठ्यात सावलीला लावली. संस्थेचा फलक दारावर तसाच होता. कुलूप मात्र मी लावलं नाही.