नेल्डाचे खोटे मासे

व्हर्लन टिडवेलकडे मासे फार नव्हते, पण माशांबद्दलची मतं भरपूर होती. वीज कंपनीत खांबांवर चढउतार करून गुडघे निकामी झाले तसा तो निवृत्त झाला, आणि तेव्हापासून रोज सकाळी मिस बर्डीच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून ती मतं फुकट वाटू लागला. अलाबामातल्या त्या तळ्याकाठी बास जातीचे मासे पकडणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न छळतात. एक, बास आहे कुठे? आणि दोन, आमिष म्हणून दोरीला बांधायचे लाकडा-प्लास्टिकचे खोटे मासे स्वस्तातले घ्यावेत का? पहिल्याचं उत्तर व्हर्लनला जन्मात मिळालं नव्हतं. दुसऱ्याचं त्याच्या जिभेवर असायचं.

"अजिबात घेऊ नका," तो सांगायचा. "एका उन्हाळ्यात रंग उडतो. पाण्यात सरळ पोहत नाही, दारू ढोसल्यासारखा कुशीवर जातो. आणि त्याचे गळ? गळ कसले, केसात खोचायच्या पिना. बऱ्यापैकी बासने एकदा मान झटकली की सरळ."

"आणि तुझे ते महागडे जपानी मासे?" ओडेल विचारायचा. ओडेल त्याचा होडीतला कायमचा जोडीदार, म्हणजे त्याच्या सगळ्या फजित्यांचा साक्षीदार.

"ते फार सुरेख पोहतात."

"बास काय म्हणतात पण?"

"बास बघत राहतात. चांगली वस्तू त्यांनाही कळते."

दुसऱ्याने हसायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यावं, हे व्हर्लनला डिकनने शिकवलं होतं. डिकन म्हणजे पेंढा भरलेला एक म्हातारा बास. एक डोळा गळालेला, शेपूट उंदरांनी कुरतडलेलं. चर्चच्या एका जुन्या डिकनचं, म्हणजे कारभाऱ्याचं, तोंड प्रवचनात असंच उघडं पडायचं, म्हणून हे नाव. चर्चची वसंतातली मासेमारीची स्पर्धा झाली की जी जोडी शेवटची येईल तिने डिकनला घरी न्यायचं आणि पुढच्या वसंतापर्यंत सांभाळायचं, अशी रीत होती. व्हर्लनच्या बैठकीच्या खोलीत डिकनचे इतके मुक्काम झाले होते की त्याची बायको नेल्डा नाताळात त्याच्या गळ्यातही लाल फीत बांधायची.

त्याच भिंतीवर, डिकनच्या डोक्यावर, एक खराखुरा देखणा बासही टांगलेला होता. सात पौंडांचा. व्हर्लनने आयुष्यात पकडलेला सगळ्यात मोठा मासा. त्याची खरी हकिकत अशी की तो जपानी माशावर लागला नव्हता, कुठल्याच खोट्या माशावर लागला नव्हता. व्हर्लन आणि ओडेल जेवणापुरते छोटे मासे मिळवायला गांडुळं लावून बसले होते, आणि ह्या येड्या बासने गांडूळ गिळलं. जातिवंत बासवाल्याने हे सांगण्यापेक्षा तळ्यात उडी घ्यावी.

त्याच आठवड्यात व्हर्लनचा वाढदिवस होऊन गेला होता. नेल्डाने गावातल्या स्वस्त मालाच्या दुकानातून, पैसे देतात तिथे ठेवलेल्या टोपलीतून, एक हिरवा खोटा मासा आणला होता. दीड डॉलरचा. सात पौंडांचा बास घेऊन व्हर्लन दारात उभा राहिला तेव्हा ती पिठाचे हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्यावर लागला?"

तिचा चेहरा बघून व्हर्लन म्हणाला, "हो. तुझ्यावर."

झालं. तिथून पुढे दर वाढदिवसाला, दर नाताळाला त्या टोपलीतून एक पाकीट यायचं. "वा, अगदी हाच रंग हवा होता," असं म्हणून व्हर्लन ते घ्यायचा, आणि गॅरेजात रंगाच्या डब्यांमागच्या बादलीत टाकायचा. एकही पाकीट त्याने फोडलं नव्हतं. पण तळ्यावरून आला की जेवताना नेल्डा विचारणारच, "आज माझा चालला का?" मग घेवड्याचे दाणे आणि मक्याचा कॉर्नब्रेड समोर असताना व्हर्लनला काहीतरी रचावं लागे. हळूहळू त्यात त्याचा हात बसला. खरा मासा मिळाला त्या दिवशी तो नुसतं वजन सांगून लोण्याची ताटली मागायचा, कारण खऱ्याला सजवायची गरज नसते असं आणखी एक मत त्याच्याकडे होतं. खोट्याला मात्र सजवावं लागतं.

त्या वसंतात स्पर्धेला आठवडा उरला असताना ओडेलचं पायाचं हाड मोडलं. मासेमारीत नाही, डुकराचं मांस भाजायची शेगडी उचलताना. व्हर्लन नाश्त्याला तोंड पाडून बसला होता.

"मी येते तुझ्याबरोबर," नेल्डा म्हणाली.

"तू? होडीत?"

"जोडीदार चर्चचा सभासद हवा, एवढाच नियम आहे. मी तुझ्या आधीपासून आहे." तिने त्याच्या बशीत आणखी एक गरम, पावासारखं बिस्किट ठेवलं. "आणि माझे मासे काढून ठेव. तो हिरवा तर हवाच. एवढी वर्षं नुसतं ऐकतेय त्याचं, एकदा डोळ्यांनी बघू दे."

व्हर्लनने ते बिस्किट तसंच बशीत राहू दिलं. नेल्डा रागावली असती तर त्याला चाललं असतं, रागाची त्याला सवय होती. पण हिला खरं कळलं आणि ती काही न बोलता भांडी आवरायला लागली तर? ती चर्चमधल्या प्रत्येक बाईला सांगत आली होती की भिंतीवरचा मासा तिच्यामुळे आहे. तिला गप्प बसलेलं बघणं त्याला सोसवलं नसतं. काहीही करून स्पर्धेचा दिवस निभावला पाहिजे, असं रोज म्हणता म्हणता शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी दुपारी नेल्डा चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली आणि व्हर्लनने बादली ओढली. हिरव्याचं पाकीट फोडलं. आत मासा असा कोरा करकरीत, की काल घेतला म्हणावा. ह्याने आतापर्यंत, जेवणाच्या टेबलावरच्या हिशेबाप्रमाणे, तळ्यातले निम्मे बास पकडलेले होते. अंगावर एक ओरखडा नको?

मग सुरू झालं. स्वतःचे जपानी मासे फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून ठेवणारा हा गृहस्थ गॅरेजच्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि दीड डॉलरचा मासा सिमेंटवर घासायला लागला. काट्याचमच्यातल्या काट्याने त्याच्या पोटावर दातांच्या खुणा केल्या. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा गळ काढून मासा त्याने आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यापुढे धरला, की जरा चाव बाबा. कुत्र्याने हुंगलं, तोंड फिरवलं आणि ते निघून गेलं. स्वस्त मालाबद्दल त्याचं आणि मालकाचं मत एकच होतं.

राहिले गळ. व्हर्लनने एक बोटांत धरून दाबला. वाकला. शेजारीच पेटीत चांगले पोलादी गळ पडले होते, बदलायला किती वेळ लागणार? त्याने ते लावूनही बघितले. पण जुन्या लढवय्याच्या अंगावर ते नवे गळ असे चमकायला लागले, की नेल्डा पहिला प्रश्न तोच विचारणार. व्हर्लनने ते काढले. ज्या गळांविरुद्ध बाकावर बसून जन्मभर प्रवचन झोडलं, तेच त्याने आपल्या हातांनी परत बसवले, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन जमीन झाडून घेतली.

शनिवारी पाद्रीबुवांनी काठावर प्रार्थना केली आणि होड्या सुटल्या. नेल्डा रुंद टोपी घालून, गोड चहाचा थर्मास आणि लाल मिरचीच्या पिमेंटो चीजची सँडविचेस मांडीवर घेऊन पुढे बसली होती. व्हर्लनने होडी मोकळ्या पाण्यात उभी केली आणि आपला जपानी मासा अलगद फेकला. तो फार सुरेख पोहत परत आला. पुन्हा फेकला. पुन्हा आला.

नेल्डाने आजूबाजूला नजर टाकली आणि हिरवा मासा सरळ बुडालेल्या झाडांच्या जाळीत भिरकावला.

"अगं तिथे कुठे? अडकेल ना तो."

"अडकला तर अडकला. दीड डॉलरचा आहे. तुझा टाक की तिथे."

"माझा? वेड लागलंय?"

"मग मासे कुठे असतात, व्हर्लन? झाडांत की इथे उघड्यावर?"

व्हर्लनने जपानी मासा पुन्हा मोकळ्या पाण्यात फेकला. मासे झाडांत असतात हे त्यालाही ठाऊक होतं, शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण इतका महागाचा मासा झाडात टाकायला छाती होत नाही, म्हणून तो इतकी वर्षं जिथे काहीच अडकत नाही तिथे मासेमारी करत आला होता. हे त्याला आत्ता, बायकोच्या तोंडून ऐकल्यावर, लख्ख दिसलं. आपण किती मोठे गाढव आहोत ह्याचा त्याला अंदाज होता, पण आकडा त्याहून मोठा निघाला.

इतक्यात नेल्डाची काठी वाकली.

"बुंधा आहे," व्हर्लन म्हणाला.

"बुंधा चालतो का?" नेल्डा म्हणाली, कारण दोरी पाणी कापत निघाली होती. टोपी उडाली, थर्मास कलंडला. व्हर्लन दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत कडेला आला. काठी वर धर, ढील दे, अगं ढील म्हणजे सगळी नाही, असं त्याचं चाललं होतं आणि ती त्यातलं काही ऐकत नव्हती. बास होडीजवळ वर आला. भिंतीवरचा त्याच्यापुढे पोर वाटला असता. जाळं वापरायला स्पर्धेत बंदी, म्हणून व्हर्लनने त्याच्या जबड्याकडे हात लांबवला. बोटं लागणार, तोच बासने मान झटकली. एकदाच. दोरी सैल पडली.

नेल्डाने हिरवा मासा वर ओढून तळहातावर घेतला. पोटाखालचा गळ सुईसारखा सरळ झाला होता. तिने तो व्हर्लनपुढे धरला.

"ह्याच गळावर तू सात पौंडांचा ओढलास ना?"

व्हर्लनने लांबवलेला हात होडीत घेतला. "नेल्डा," तो म्हणाला, "तो मासा..."

"गांडुळावर लागला होता. ओडेलच्या बायकोने त्याच रविवारी सांगितलं मला."

व्हर्लन होडीच्या तळाशी बसला.

"आणि ती बादली माझी आहे," नेल्डा म्हणाली. "टोमॅटोच्या मातीची. दर वसंतात तुझी पाकिटं काढते आणि परत ठेवते. काल तर गॅरेजच्या जमिनीवर हिरवा पट्टा होता. झाडलास, पण पुसायला विसरलास."

"एवढं सगळं माहीत होतं," व्हर्लन कसाबसा म्हणाला, "तर मग हा कचरा विकत का घेत राहिलीस?"

नेल्डाने सँडविचचा कागद सोडला आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. "खांबावरून उतरून घरी आलास की तू चार शब्द बोलायचा नाहीस. खरा मासा आणलास तरी तेच. 'दोन पौंड, लोणी दे.' संपलं. माझ्या माशाचं सांगायला लागलास की धुकं यायचं, बगळा यायचा, तू खुर्चीवरून उठून दाखवायचास. जेवण गार व्हायचं." ती पाण्याकडे बघत होती. "दीड डॉलरमध्ये एवढं कुठे मिळतं?"

व्हर्लनला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. आणि लाजेच्या खाली कुठेतरी फार आनंद झाला. एवढी वर्षं आपण हिला फसवतोय असं तो समजत होता, आणि ही समोर बसून मागून मागून ऐकत होती. त्याने पेटीतून पोलादी गळ काढले, हिरव्याला लावले आणि तो तिच्या हातात दिला. मग आपला जपानी मासा घेतला आणि डोळे मिटून झाडांत फेकला. तो दुसऱ्याच फेकीला अडकला आणि तुटला. नेल्डाने तिच्या पाकिटातला एक पुढे केला.

दुपारी वजनकाट्यावर त्यांच्याकडे ठेवायला दोन बोटभर मासेच होते. शेवटचा नंबर त्यांचाच, डिकन बाहेर आला. ओडेल कुबड्या घेऊन मुद्दाम हे बघायलाच आला होता.

"काय रे लेका, स्वस्तातले घ्यावेत का नाही, शेवटचं सांग."

"घ्यावेत," व्हर्लन म्हणाला. "गळ तेवढे बदलून टाकावेत."

बाकावरची मंडळीही जमली होती, ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. व्हर्लनही हसला आणि डिकनला काखेत मारून गाडीकडे गेला.

रात्रीच्या जेवणाला घेवडा होता, कॉर्नब्रेड होता. डिकन आपल्या जागी, मोठ्या बासखाली. नेल्डाने खुर्ची ओढली आणि विचारलं, "मग? आज माझा चालला का?"

"अगं, तू होतीस की तिथे."

"माझं सगळं लक्ष काठीत होतं. मला कुठे काय दिसलं? सांग तू."

व्हर्लनने तिच्याकडे बघितलं. मग लोण्याची ताटली बाजूला सारली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर खुर्चीवरून उठला.

"तर असं बघ," तो म्हणाला, "धुकं होतं."