चौघांनी उचलायचा खांब

डावा डोळा मिटायचा, मान जराशी वाकडी करायची आणि तोंडातल्या तोंडात "आरपार... आरपार..." म्हणत खांबाच्या जाळीतून पलीकडं बघायचं, ही मिस्तरींची रोजची सवय. त्या वेळी कुणी मध्ये बोललं तर त्यांना ऐकूच जायचं नाही. बघून झालं की खांबावर दोनदा चापट मारायची आणि म्हणायचं, "उचला." मिस्तरींनी "उचला" म्हटल्याशिवाय आमच्या शेडमधून एकही खांब गाडीत चढत नसे.

तुम्ही असे खांब पाहिले आहेत, लक्ष दिलं नसेल एवढंच. चार कोपऱ्यांना चार बारीक लोखंडी अँगल, त्यांना जोडणाऱ्या तिरप्या पट्ट्या आणि मधे सगळी हवा. वर दिवा नाहीतर कॅमेरा. पैठण रोडला चितेगावजवळ आमची शेड होती, तिथं हे खांब व्हायचे. मी तिथं डिझाइनच्या कामाला लागले तेव्हा नुकताच डिप्लोमा झाला होता, आणि संभाजीनगरातली सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आली आहे अशी माझी ठाम समजूत होती. मिस्तरी सातवी शिकलेले. सोयगावकडच्या एका डोंगराळ गावातून आलेले, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं किडकिडीत.

मी पहिलाच खांब काढला तो असा दणकट, की त्याच्यावर दिवा काय, पाण्याची टाकी ठेवली असती. मिस्तरींनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"लई देखणा हाय, मॅडम. उचलणार कोण?"

"क्रेन."

"अन् क्रेन कुठवर जाणार?"

"रस्ता असेल तिथवर."

"अन् जिथं रस्ता नाय, तिथल्या लोकाला अंधार आवडतो व्हय?"

मला राग आला. मला तेव्हा उठता-बसता राग यायचा. "डिझाइन मी करते, तुम्ही वेल्डिंगचं बघा," असं मी चारचौघांत त्यांना सुनावलं. मिस्तरींनी माझा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते हातभर उंचीचा एक खांब घेऊन आले. शहागंजातल्या एका सायकलवाल्याकडून ते मोडक्या चाकांच्या तारा आणायचे, त्या कापून, डाग देऊन जोडायचे. माझ्याच डिझाइनचा तो लहान अवतार होता. त्यांनी तो माझ्या टेबलावर उभा केला, वर पान्ह्यांची जड पेटी ठेवली. खांब उभा. मग पेटी काढून पकडीनं एक तार तोडली, पेटी परत ठेवली. उभाच. दुसरी तोडली. तरी उभा. तिसरी तोडली आणि पेटी ठेवताच सगळा डोलारा टेबलावर आडवा झाला. माझा चहा सांडला तो वेगळाच.

"ही बगा, हिला काम होतं," तिसरी तार माझ्यापुढं धरत ते म्हणाले. "आधीच्या दोघी नुसत्याच हजेरी लावून उभ्या होत्या. बिनकामाची काढा, मॅडम. काम करणारीला हात लावू नका."

दुपारी मी कॉम्प्युटरवर सगळा हिशेब परत मांडून पाहिला. मिस्तरींचंच बरोबर निघालं. त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

पण माझी खरी फजिती पुढं व्हायची होती. पुढच्या खांबाला मी एक बाजू नीट काढली आणि समोरच्या बाजूसाठी लिहून टाकलं, 'दुसरी बाजू अशीच.' मिस्तरींनी बोट ठेवलं. "अशीच म्हंजे कशी?" मला वाटलं, हे मुद्दाम छळतात. मग त्यांनी मला शेडमध्ये नेलं. खांब लोखंडी घोडीच्या टेकूवर आडवा ठेवून एका बाजूच्या पट्ट्या जोडतात, मग तो उलटा करून दुसऱ्या बाजूच्या. वेल्डरला प्रत्येक वेळी वरचीच बाजू दिसते. तो दोन्हीकडं पट्ट्या उजवीकडं चढत्या लावतो, आणि त्याला वाटतं दोन्ही बाजू सारख्या झाल्या. पण जाळीतून आरपार पाहिलं की पुढची पट्टी एकीकडं जाते, मागची दुसरीकडं, आणि जाळीच्या प्रत्येक घरात फुली दिसते. असा खांब वाऱ्यात पीळ खातो. पुढच्या पट्टीमागं मागची पट्टी लपली पाहिजे, सावलीसारखी. दोन असून एकच दिसली पाहिजे.

ही चूक त्यांनी स्वतः तरुणपणी केली होती. एका मंगल कार्यालयाच्या दारात उभा केलेला त्यांचा खांब पहिल्याच वादळात पिळला. "दिवा रस्त्याकडं पाठ करून बसला, मॅडम! वरात दारात आली तर पुढं काळोख, अन् मागच्या उकिरड्यावर निस्ता उजेड!" हे सांगताना ते इतके हसायचे की डोळे पुसावे लागायचे. "तवापासून आरपार," असं म्हणून मग पुढच्या खांबाकडं वळायचे.

आमचा जुना वेल्डर म्हणायचा, "मिस्तरी की आँख है तो लेवल का क्या काम!"

हलक्या खांबाचं एवढं वेड त्यांना कशानं लागलं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एकदा चहा पिताना मी सहज विचारलं. त्यांच्या लहानपणी गावात वीज आली. खांब येत येत ओढ्याच्या अलीकडं थांबले. ओढ्यापलीकडं यांची वस्ती. बौद्धांची वीस-बावीस घरं. मोठी माणसं विचारायला गेली तर उत्तर मिळालं, खांब जड आहेत, गाडी ओढ्यातून जात नाही. वस्तीतली माणसं म्हणाली, आम्ही उचलून नेतो. आठ जणांनी उचलून पाहिला, खांब हललासुद्धा नाही. मग लोक हसले. मिस्तरींचे वडील त्या आठांत होते.

"खरं कारण काय होतं ते तुम्हालाबी कळतं, मलाबी कळतं," कपातला चहा हलवत मिस्तरी म्हणाले. "त्याला माझ्यापाशी इलाज नाय. पण खांब जड हाय, हे तरी कुणी कुणाला सांगू नये. चौघांनी उचलंल असा पायजे."

आता तिथं घराघरांत वीज आहे, बांबूवरून वायर ओढून आणलेली. पण विहारासमोरच्या चौकात खांब नाही, आणि ओढ्यावर अजून गाडी जाईल असा पूल नाही. त्या चौकात आपल्या हातचा एक खांब, वर सौर दिवा, एवढंच त्यांच्या मनात होतं. "करू, करू," म्हणत वीस वर्षं गेली. दुसऱ्यांचे खांब करता करता माणसाचा स्वतःचा राहून जातो.

मग ते डोळ्यांचं सुरू झालं. मिस्तरींनी सायकलच्या तारांचे ते लहान खांब करणं सोडलं. कप घ्यायला हात पुढं करायचे तो कपाच्या शेजारीच जायचा. मी हाक मारली की आधी भलतीकडं बघायचे. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं. मी तर त्यांच्या शेजारी रोज उभी असायचे. मला कळायला नको होतं?

एके दिवशी सकाळी आठ खांब जायचे होते. मिस्तरींनी पहिल्या खांबापाशी डावा डोळा मिटला, मान वाकडी केली, "आरपार... आरपार..." दोन चापटा मारल्या. "उचला." मी त्यांच्या खांद्यामागं उभी होते. मला त्याच जाळीतून तळापासून शेंड्यापर्यंत फुल्याच फुल्या दिसत होत्या. काम नव्या वेल्डरचं होतं. मला वाटलं, मिस्तरी चेष्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते जाळीकडं बघतच नव्हते. समोर आभाळाकडं तोंड करून, पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ नुसते उभे राहिले होते.

मी काहीतरी निमित्त सांगून गाडी थांबवली आणि तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले. तो खांब कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून सांगितलं, हे खरं. पण मिस्तरींसमोर उभं राहून बोलायची माझी छाती झाली नाही म्हणून आधी केबिनमध्ये शिरले, हेही तितकंच खरं आहे.

मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. पण बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांदेखत मिस्तरींसमोर हात धरला आणि विचारलं, "बोटं किती?"

शेडमधला आवाज थांबला. "तीन," मिस्तरी म्हणाले.

दोन होती.

मालकांचाच हात खाली आला. "मिस्तरी, उद्यापासून स्टोअरला बसा, खुर्ची देतो," असं काहीसं ते पुटपुटले. मिस्तरींनी खिशातला टेप काढून घोडीवर ठेवला, चाचपून डबा घेतला आणि गेटकडं निघाले. वाटेत रचलेल्या खांबांना एका हातानं धरत धरत गेले. मी मागं धावायला हवं होतं. मी उभीच राहिले.

तीन आठवड्यांनी ते आले, बायकोचा हात धरून. मी खुर्ची दिली. पाणी दिलं.

"काचबिंदू हाय," तेच म्हणाले. "वरीस झालं. आता परत यायची नाय म्हणतात नजर."

"मिस्तरी, त्या दिवशी मी..."

"तुम्ही केलं ते बराबर केलं. खांब पडला असता तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?" त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "पण आधी मला सांगायचं होतं, बाई. मी तुमच्यापासून काय लपवलं होतं का कधी?"

लपवलं होतं, वर्षभर लपवलं होतं. पण मी ते बोलले नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. त्यांच्या बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका. कामाला आलोय," मिस्तरी म्हणाले. "वस्तीचा खांब राह्यलाय. हात माझे चालतात अजून. डोळे तुमचे."

मालकांनी उरलेला माल वापरायला दिला, दर रविवारी शेडची किल्लीही दिली. चार महिने आम्ही तो एक खांब केला. इतक्या वेळात शेडमधून दोनशे गेले असते. मी एकेक पट्टी कमी करून हिशेब मांडायचे, वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. "तळाची नका काढू. तिला लई काम हाय. वरची बगा." कधी भांडायचोही. एकदा मी म्हटलं, पाच जणांनी उचलला तर काय बिघडलं? तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

जुन्या वेल्डरनं शेवटची पट्टी जोडली. खांब गार झाल्यावर मिस्तरींनी दोन्ही हात जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवले आणि तळापासून शेंड्याकडं सरकवत नेले. उजवा हात पुढच्या पट्टीवर, डावा मागच्या. दोन्ही हात बरोबर चढत होते, बरोबर उतरत होते. शेंड्यापाशी पोचल्यावर म्हणाले, "आता तुम्ही."

मी डावा डोळा मिटला, मान वाकडी केली.

"एकच दिसतेय, मिस्तरी. मागची लपलीय."

"फुली?"

"एकही नाही."

त्यांनी खांबावर दोनदा चापट मारली. मी 'उचला'ची वाट बघत राहिले. "हितं नाय म्हणायचं," ते म्हणाले. "हा तिथं जाऊन म्हणायचा खांब हाय."

जस्त चढवून खांब परत आला त्या आठवड्यात मिस्तरी गेले. सकाळी छातीत दुखलं, रिक्षा यायच्या आत संपलं. चितेगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांसमोर माणसं मावत नव्हती. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, जल्मभर चौघांनी उचलायचं, चौघांनी उचलायचं करीत होते, बगा." आणि मग तिचा हुंदका फुटला. तिला मला धरता येईना, की मला तिला.

महिन्याभरानं खांब गावी गेला. मी गाडीबरोबर होते. ओढ्याशी गाडी थांबली. वस्तीतली माणसं आधीच येऊन उभी होती. मिस्तरींचा धाकटा भाऊ पुढं झाला, "जय भीम, मॅडम" म्हणाला. मग चौघांनी वाकून खांब खांद्यावर घेतला आणि पाण्यातून चालू लागले. कुठंही न थांबता चढ चढून विहारासमोर गेले. एका म्हाताऱ्यानं, त्या वेळच्या आठांतला तो शेवटचा राहिलेला, हात लावायचा हट्ट धरला. त्याला म्हणाले, "बाबा, जागाच नाय, चौघंच लागतात."

खड्डा तयार होता. खांब दोन दगडांवर आडवा ठेवला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"दादा सांगून गेलाय," भाऊ म्हणाला. "मॅडम बगतील, मंग उभा करायचा."

"मी शेडमध्ये बघितलाय."

"तरीबी बगा. त्यानं सांगितलंय."

मी डावा डोळा मिटला. मान वाकडी केली. आरपार बघायला गेले आणि काहीच दिसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं. एका पट्टीच्या दोन, दोनाच्या चार, जिकडं तिकडं फुल्या. पदरानं पुसलं, परत भरलं. माणसं ताटकळली होती. बायका विहाराच्या पायरीवर उभ्या होत्या, त्यांच्यात मिस्तरींची बायकोही होती.

मग मी खाली वाकले, दोन्ही हात जाळीच्या दोन बाजूंना ठेवले आणि तळापासून सरकवत निघाले. उजवा वर, डावा वर. उजवा खाली, डावा खाली. कुठंच हात चुकला नाही. शेंडा आला.

मी खांबावर दोनदा चापट मारली.

"उचला," मी म्हणाले, आणि चौघं वाकले.