काठोकाठ भरलेला ग्लास

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो ते काका रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि इथे उत्तरेत, चिनहटलाच राहिले. एका नर्सरीने भंगारात काढलेला बागेचा छोटा ट्रॅक्टर त्यांनी दुरुस्त केला आणि जुन्या खाटेच्या लोखंडाचा वखर करून त्याला जोडला. "हो जाएगा, यार," हे त्यांचं पालुपद.

खुब्याचं हाड मोडल्यापासून काकू बागेत आल्या नव्हत्या. जरा हिसका बसला तरी कळ यायची. काकांनी त्यांच्यासाठी ट्रॅक्टरमागे खुर्चीची ट्रॉली केली. मी म्हटलं, "आधी मी बसून बघतो."

"तू? तुला दुखलं तरी 'छान आहे, काका' म्हणशील!"

त्यांनी खुर्चीवर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून बागेत फेरी मारली. पाणी सांडलं की पाना घेऊन पुन्हा ट्रॉलीखाली शिरायचे. शेवटी स्कूटरच्या जुन्या स्प्रिंगा लावल्यावर थेंबही सांडला नाही.

काकूंना बसवून काकांनी तोच ग्लास त्यांच्या हाती दिला. काकूंनी पाणी पिऊनच टाकलं. "चलो ड्रायव्हर भैया, गुलाबांकडे!"

ट्रॅक्टर निघाला. काका सारखी मान वळवून, मघाशी ग्लासाकडे बघत होते तसे, काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"अहो, पुढे बघा!" काकू हसत ओरडल्या.